बाई, रेघ मारू का?

दुसरी-तिसरीच्या मुलांना प्रश्नार्थी आणि आज्ञार्थी वाक्यं शिकवावीत की नाही, यावर सोलापुरात शिक्षक आणि पालक मंडळी अधूनमधून हमरीतुमरीवर येतात. एक बाजू म्हणते, एवढ्याशा पोरांना व्याकरण कशाला, भाषा कानानं येते. दुसरी म्हणते, शिष्यवृत्तीच्या पेपरात ‘वाक्याचा प्रकार ओळखा’ येणारच, मग आतापासून घोटून घेतलं तर बिघडलं कुठे? दोघांनी एक गोष्ट न बोलता मान्य करून टाकली आहे, ती म्हणजे शिकवणं म्हणजे ओळखायला लावणं. भांडण तिथेच फसतं. माझं मत असं की ही दोन वाक्यं पहिलीपासून, बाकी सगळ्या व्याकरणाच्या आधी शिकवावीत. पण ती मुलांनी वापरायची असतात. मुलानं खराखुरा प्रश्न लिहून खरं उत्तर मिळवावं आणि सूचना लिहून दुसऱ्याकडून काम करून घ्यावं. प्रकार ओळखणं त्यामागून येतं, आणि जरा उशिरा आलं तरी काही अडत नाही.

कुठल्याही मराठी प्राथमिक वर्गात अर्धा तास मागच्या बाकावर बसा आणि मुलं काय विचारतात ते टिपून घ्या. ‘बाई, रेघ मारू का?’ ‘बाई, तारीख समासात लिहू?’ ‘सर, पान उलटू?’ ‘बाई, पाणी प्यायला जाऊ का?’ ‘बाई, हा मला ढकलतोय, सांगा की त्याला.’ परवानगी आणि तक्रार, बस. काही जाणून घ्यायचंय म्हणून विचारलेला प्रश्न क्वचित कानावर पडेल. उलट बाईंचे प्रश्न संपता संपत नाहीत, आणि त्यांतले बहुतेक लटके असतात, कारण उत्तर बाईंना आधीच ठाऊक असतं. आज्ञांचं तर विचारूच नका. ओळीत उभे राहा, हाताची घडी, तोंडावर बोट, वह्या काढा, वह्या मिटा. एका वाक्यानं समोरच्याला बोलतं करायचं आणि दुसऱ्यानं कामाला लावायचं, अशी ही दोन वाक्यं. शाळेत दोन्हींची मालकी मोठ्यांकडे. आणि ज्याच्या हातात ती कधी दिलीच नाहीत, त्याला आपण सांगतो की खालीलपैकी प्रश्नार्थी वाक्यावर खूण कर.

हा ओळखण्याचा धडा प्रत्यक्षात कसा होतो तेही बघण्यासारखं आहे. दुसरीतल्या एका मुलीची वही मी पाहिली. ‘राजू शाळेत जातो. (प्रश्नार्थी करा)’ असा प्रश्न होता. तिनं लिहिलं, ‘राजू शाळेत जातो?’ त्यावर लाल फुली आणि शेजारी गोल करून ‘का’. खाली ‘तू जेवलास’चं ‘तू जेवलास?’ केलेलं, तिथेही फुली. आता दारातून आत आलेल्या पोराला आई ‘जेवलास?’ असंच विचारते की नाही? मराठीत नुसत्या सुरावर प्रश्न उभा राहतो, आणि नेमक्या अशाच वाक्यात प्रश्नचिन्हाला खरं काम असतं. ‘कोण आलं’ यात चिन्ह विसरलं तरी वाचणाऱ्याचं फारसं अडत नाही. ‘बाबा आले’ यात विसरलं तर अर्थच पालटतो. म्हणजे चिन्ह शिकवायचं तर ‘का’ नसलेल्या वाक्यापासूनच सुरुवात करायला हवी. त्या मुलीनं जिथे चिन्हाचा अचूक उपयोग केला, तिथेच तिला चूक ठरवलं.

चिन्हाचा एवढा बाऊ करण्याचंही कारण नाही. मोडी लिहिणारे कारकून शब्दसुद्धा सलग लिहीत. आज वापरतो ती विरामचिन्हं इंग्रजी छपाईच्या वळणावर १९व्या शतकात मराठीत रुजली, आणि ती रुजवण्यात मराठी कोशाचं काम केलेले इंग्रज अधिकारी मेजर थॉमस कँडी यांचा वाटा मोठा. त्याआधी मराठीत कुणी जाब विचारत नव्हतं की काय? पेशवाईच्या दफ्तरात विचारणा झाल्या, हुकूम सुटले, विनंतीचे अर्ज गुदरले गेले, आणि वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी कळलं की आपल्याला उत्तर धाडायचंय की माणसं धाडायचीत. ते कळत होतं वाक्याच्या घडणीवरून आणि कोण कुणाला लिहितोय यावरून. आज चिन्ह हवंच, त्याशिवाय मनातल्या मनात वाचणं जड जातं. पण चिन्ह दिसलं की प्रश्न, हे ओळखायला भाषा यावी लागत नाही.

चिन्हानंतरची दुसरी युक्ती म्हणजे ‘क’चे शब्द. कोण, काय, कुठे, किती, कसा दिसला की प्रश्नार्थी लिहा आणि पुढे चला. मग ‘तो कुठे गेला ते मला माहीत नाही’ याचं काय करायचं? त्यात ‘कुठे’ आहे, प्रश्न नाही. ‘ती काय म्हणते ते ऐक’ यात ‘काय’ आहे, आणि वाक्य सरळसरळ आज्ञेचं आहे. ‘किती गर्दी ही गड्ड्यावर!’ (गड्डा म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा) यात ‘किती’ असूनही कुणी आकडा मागत नाही. आणि ‘पसारा आवरणार आहेस का?’ हे घ्या. आईच्या तोंडचं हे वाक्य प्रश्न की हुकूम, हे चार वर्षांच्या पोरालाही कळतं. ज्याला शंका असेल त्यानं ‘नाही’ असं प्रामाणिक उत्तर देऊन बघावं. परीक्षेत मात्र ते प्रश्नार्थीच लिहावं लागतं. गोंधळाचं मूळ आपल्या व्याकरणाच्या मांडणीत आहे. प्रश्नार्थी हा प्रकार वाक्याच्या अर्थावरून पाडलेला, आज्ञार्थी क्रियापदाच्या रूपावरून. दोन वेगळ्या मापांनी केलेल्या वाटण्या आपण मुलांपुढे एकाच यादीत मांडतो आणि म्हणतो, यातला एकच निवड.

इथवर आलं की पहिली बाजू खूश होईल. आम्ही तेच म्हणत होतो, सोडा हे सगळं! त्यांचा मुद्दा खरोखर भक्कम आहे. दीड-दोन वर्षांचं मूल ‘हे काय?’ विचारतं आणि ‘दे’ म्हणून हात पुढे करतं; त्याला कुणी शिकवायला बसलेलं नसतं. साडेतीन वर्षांचं पोर तर ‘का’चा असा सपाटा लावतं की घरातले हात टेकतात. मग शाळेनं शिकवायचं ते काय? तर लिहिणं. बोलताना प्रश्नाचं निम्मं काम सूर करतो, उरलेलं भुवया करतात. ‘ते तिथलं दे’ एवढं म्हणून बोट दाखवलं की भागतं. कागदावर बोट नाही, भुवई नाही, समोरचा माणूसही नाही. ‘ते’ म्हणजे काय आणि ‘तिथलं’ म्हणजे कुठलं, हे सगळं शब्दांत उतरवावं लागतं, आणि त्यासाठी वाचणाऱ्याच्या डोक्यात शिरून बघावं लागतं. हे कानानं येत नाही. मोठमोठ्या माणसांना आलेलं नसतं. एखाद्या सरकारी फॉर्ममागच्या सूचना वाचून बघा.

या दोन वाक्यांनाच आधीचा मान का द्यायचा, याचं माझं मुख्य कारण सांगतो. ‘कमळ हे आपले राष्ट्रीय फूल आहे’ असं मुलानं लिहिलं तर ते बरोबर की चूक, हे ठरवायला बाई लागतात. सूचना आणि प्रश्न यांचं तसं नाही. ते बरोबर जमले की नाही हे मुलाला स्वतःलाच कळतं. सोलापूरच्या कुठल्याही पोराला ठाऊक असलेली शेंगा चटणी घ्या. एका गटानं कृती लिहायची आणि दुसऱ्या गटानं कागदावर असेल तेवढंच करायचं, पदरचं काही घालायचं नाही. पहिला कागद असा येतो: ‘शेंगा घे. लसूण घे. तिखट घे. मीठ घे. कुट.’ दुसरा गट टरफलांसकट शेंगा उखळात घालायला निघतो आणि लिहिणारे ओरडतात, अरे, सोल की आधी! मग कागदावर ‘सोल’ चढतं. त्यानंतर ‘भाज’ राहिल्याचं लक्षात येतं, कारण कच्च्या दाण्यांना ती चव येत नाही. ‘भाज’ लिहिलं की प्रश्न निघतो, किती? ‘लाल होईपर्यंत’ लिहायचं की ‘सालं सुटेपर्यंत’? आणि भाजायचं सोलण्याआधी की नंतर? एक पोरगी म्हणते, आमची आजी दाणेच भाजते, दुसरा म्हणतो, आम्ही शेंगाच भाजतो, त्यावरून जुंपते. या अख्ख्या तासात बाईंनी एकदाही लाल पेन उघडलेलं नाही. आज्ञार्थाची रूपं, क्रियांचा क्रम, ‘आधी’, ‘नंतर’, ‘तोवर’, ‘पर्यंत’ हे सगळं गरजेपोटी आलं, आणि चूक दाखवली ती उखळानं.

प्रश्नाची परीक्षा उत्तरानं होते. इथल्या कितीतरी घरांत आई किंवा आजी विड्या वळते. मुलांना सांगा, घरी कामाबद्दल विचारायचे प्रश्न आधी लिहून आणा. पहिल्या खेपेला हमखास ‘तुला विड्या वळायला आवडतं का?’ असतं, आणि उत्तर येतं ‘हूं’. कधी तेही नाही. दुसऱ्या खेपेला कुणीतरी लिहितं, ‘पान कापायच्या आधी भिजवतात का? कशाला?’ तिसऱ्याला सुचतं, ‘हजार विड्या भरायला सकाळी कितीला बसावं लागतं?’ आता आजी बोलायला लागते, थांबत नाही, आणि पोराच्या वहीतली जागा पुरत नाही. हो-नाहीचा प्रश्न आणि मोकळा प्रश्न यांतला फरक कुठल्या तक्त्यानं शिकवला असता?

सोलापुरात आणखी एक अडचण सांगितली जाते आणि ती खरी आहे. पूर्व भागातल्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू बोलतात असं सहज असू शकतं; कुठे कन्नड, कुठे दखनी उर्दू. ज्यांना साधं विधान मराठीत जमवताना घाम फुटतो, त्यांच्याकडून प्रश्न आणि आज्ञा कुठे लिहून घेता? मला वाटतं, याच मुलांसाठी ही वाक्यं सगळ्यांत आधी हवीत. परक्या भाषेत पाय ठेवणारा माणूस सर्वप्रथम काय शिकतो? ‘कितीला?’, ‘कुठे?’, ‘थांबा’, ‘द्या’. विधानं मागाहून येतात. शिवाय घरची भाषा इथे आडवी येण्याऐवजी कामाला येते. तेलुगूत आणि कन्नडमध्ये क्रियापदाच्या शेवटी ‘आ’ जोडला की हो-नाहीचा प्रश्न तयार होतो, वेगळा ‘का’ लागत नाही. ज्या मुलीची वही मी पाहिली तिच्या घरी तेलुगू बोलतात, हे इथे सांगायला हवं. तिनं ‘का’ गाळला तो कदाचित त्यामुळे असेल. पण बाईंनी फुली मारायच्या ऐवजी ‘तुमच्या घरी हे कसं विचारतात गं?’ एवढं विचारलं असतं तर अख्ख्या वर्गाला कळलं असतं की प्रश्न करायच्या रीती अनेक असतात. कन्नड घरातल्या मुलाला ‘बा’ आणि ‘बन्नी’ यांतला फरक पक्का ठाऊक असतो. त्याला ‘ये’ आणि ‘या’ शिकवायला कितीसा वेळ लागणार?

आता सगळ्यांत जड आक्षेप. तो सभेत उघडपणे कुणी मांडत नाही, पण चहाच्या कपामागून येतोच. मुलांना प्रश्न विचारायला आणि हुकूम सोडायला शिकवलं तर ती उद्धट होतील. आधीच ऐकत नाहीत! या भीतीत तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. मोठ्यांवर डाफरणारी पोरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण त्यांना आज्ञार्थ जास्त येतो म्हणून ती डाफरतात का? त्यांच्याकडे एकच रूप असतं म्हणून डाफरतात. ‘बस’, ‘बस की’, ‘बसा की ओ’, ‘बसता का जरा?’, ‘बसावं’, ‘कृपया बसून घ्यावे’ ही सगळी एकाच कामाची वाक्यं. सोलापूरकर ‘की’ लावून हुकमाची धार बोथट करतो ते कुठल्या पुस्तकात वाचून नव्हे. कुणाला कुठलं रूप लावायचं हाच तर सभ्यतेचा धडा आहे, आणि तो वाक्य वापरायला दिल्याशिवाय होत नाही. आज्ञार्थ म्हणजे हुकूमशाही असं ज्यांना वाटतं त्यांनी शाळेचा परिपाठ कान देऊन ऐकावा. पसायदानातले ‘सांडो’, ‘वाढो’, ‘जावो’ ही आज्ञार्थाचीच रूपं आहेत. ज्ञानदेव देवापुढे उभे राहून आज्ञार्थात बोलले, आणि त्याहून नम्र मागणं मराठीत दुसरं नाही.

प्रश्नाबद्दलही तेच. गीता ऐकणारं घर ‘उलट प्रश्न विचारू नकोस’ कसं म्हणू शकतं, मला कळत नाही. ते सगळं संभाषण अर्जुनाच्या शंकांवर चाललेलं. चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवायची रीत सांगितली आहे ती प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा अशी. वाकून नमस्कार करणं आणि उलटसुलट विचारणं तिथे एकाच ओळीत नांदतात. अठराव्यात सगळं सांगून झाल्यावर स्वतः भगवंत म्हणतात, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. आज्ञा देण्याचा पूर्ण अधिकार असलेल्यानं आज्ञा तिथवर आणून सोडली.

आणि या गावानं तरी ‘आधी ऐकायला शिका’ हे कुठल्या तोंडानं सांगावं? १९३०च्या मे महिन्यात सोलापुरावर लष्करी कायदा लादला गेला, गाव हुकमांवर चालवून बघितलं गेलं. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. चार पुतळ्यांपाशी दर वर्षी हार घातले जातात, शाळेतली मुलं घडाघडा भाषणं म्हणतात. त्याच मुलानं दुसऱ्या दिवशी वर्गात उठून ‘पण तेव्हा लष्करी कायदा का लावला?’ असं विचारलं, तर त्याला काय ऐकायला मिळतं? ‘पोर्शन राहिलाय, बस खाली.’

‘कामगारांच्या पोरांना लिहिता-वाचता आलं तरी पुष्कळ, व्याकरणाचे लाड कशाला’ असाही एक सूर असतो, तो मला सगळ्यांत खटकतो. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, तेव्हा प्राथमिक शाळेत काय असावं याची यादी केली होती. त्यात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन होतं, हिशेब होता, शेतीचं प्राथमिक ज्ञान होतं, आणि व्याकरणही होतं. शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या मुलांसाठी मागताना त्यांनी ते वगळलं नाही. का वगळावं? पुढे याच मुलाला रेशन दुकानात, दवाखान्यात, पीएफच्या खिडकीवर उभं राहायचंय. माहितीच्या अधिकाराचंच बघा. २००५च्या कायद्यानं १० रुपयांत माहिती मागता येते. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २००८ मध्ये सांगितलं की ‘का’ या प्रश्नाचं उत्तर देणं ‘माहिती’त बसत नाही, कारणमीमांसा देण्याचं बंधन अधिकाऱ्यावर नाही. म्हणजे ‘माझं नाव यादीतून का काढलं?’ असा अर्ज केलात तर हात हलवत परत यायची वेळ. ‘ज्या आदेशानं नाव काढलं त्याची प्रत द्यावी’ असा केलात तर कागद मिळण्याची शक्यता. प्रश्नाची विनंती कशी करायची, ‘का’चं ‘द्यावी’ कसं करायचं, हे ज्याला येतं त्याचं काम होतं. प्रकार ओळखून ज्यानं दोन गुण मिळवले त्याचं होईलच असं नाही.

उरला शिक्षकांचा मुद्दा. शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. पण एकाच शिक्षकापुढे दोन-दोन इयत्ता बसतात, वर ऑनलाइन माहिती भरायची, वर सर्वेक्षणं. त्यात हे चटणीचे प्रयोग कधी करायचे? तक्रार रास्त आहे. शिष्यवृत्तीचा पेपर पर्यायांचा असतो, त्यात एकही वाक्य लिहायचं नसतं, हेही खरं. पण वाक्यांचे प्रकार घोटून घेण्यात दर वर्षी जे तास जातात ते कुणाच्या खात्यातले? तिसरीत घोटलेलं चौथीत विसरतात, चौथीतलं पाचवीत, आणि प्रत्येक वर्षी पुन्हा ‘क’चे शब्द फळ्यावर येतात. तेवढे तास लिहून विचारण्यात आणि लिहून करवून घेण्यात घालवले, तर पाचवीत नावं सांगायला फार दिवस लागू नयेत. ज्या वस्तू हाताळल्यात त्यांना नाव द्यायला वेळ लागत नाही. त्याच कायद्याचं २९वं कलम मूल भीतीपासून मुक्त असावं आणि त्याला आपलं मत मोकळेपणानं मांडता यावं असं म्हणतं. त्याची सुरुवात करायला कुठल्या जीआरची वाट बघायची?

एक अडचण मात्र खरोखर येणार आहे. मुलांनी प्रश्न लिहायला सुरुवात केली की त्यांतल्या पुष्कळांची उत्तरं बाईंना येणार नाहीत. ‘नळाला रोज पाणी का येत नाही?’, ‘बंद गिरणीत आत काय आहे?’, ‘तळ्यातलं पाणी हिरवं कशानं झालं?’ अशा वेळी ‘मला माहीत नाही’ म्हणायला हरकत नसावी. ज्या कार्यालयाकडे उत्तर असेल त्याला पत्र धाडावं, मजकूर मुलांचा, अक्षर मुलांचं, पाकिटावरचा पत्ताही त्यांच्याकडूनच लिहून घ्यावा. उत्तर येईल किंवा येणार नाही. नाही आलं तर स्मरणपत्र कसं लिहायचं, तो चौथीचा धडा.